उजव्या खांद्याचा उतार

रविवारी सकाळी साडेनऊला लिंबायतच्या गल्लीत दोन रिक्षा येऊन थांबल्या आणि शुक्रवारी गेलेले चौतीस गाऊन परत आले. जाताना ते हँगरवर, पारदर्शक पिशव्यांत गेले होते. येताना चादरींत बांधून आले. लखनने स्वतः गाठोडी उतरवली. भाड्यावरून तो रिक्षावाल्यांशी एक शब्दही बोलला नाही, तेव्हा त्याची बायको वर्षा चुलीवरचं दूध तसंच ठेवून खाली आली.

"काय म्हणाल्या पोरींच्या आया?" तिने विचारलं.

"एकच. सगळ्यांचं एकच." लखनने आपल्या डाव्या खांद्यावरून तळहात खाली घसरवून दाखवला. "इकडून उतरतो. काल शाळेत तालीम होती नाचाची. चौतीस पोरी नाचायला उभ्या राहिल्या आणि चौतीस खांदे उघडे पडले. कोणाची आई मला फोनवर विचारते, हे पाठवलंय तरी काय. भाई, तमे शुं मोकल्युं छे, गाऊन के गोणपाट?"

वेसूच्या श्रीमंत वस्तीतल्या त्या इंग्रजी शाळेत लखनची मुलगी चंचल बारावीला होती. बारावीच्या निरोपाला यंदा नाच ठेवला होता, आणि पोशाख जुन्या काळचा ठरला होता. सत्तर वर्षांपूर्वी परदेशातल्या मुली शाळेच्या नाचाला घालत तसला: गळा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवा, कंबर बारीक, खाली पूर्ण घेर आणि घेराखाली कडक नेटचे तीन थर. चंचलच्या वर्गातल्या सगळ्या मुलींनी ते लखनच्या कारखान्यातून घेतले होते. नाच बुधवारी होता.

घराच्या तळमजल्यावर बारा मशिनी होत्या आणि वर दोन भावांची कुटुंबं. रविवार असल्यामुळे मशिनींवर कापडं टाकलेली होती. दाराशी शोभाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय व्हयनं रे लखन?"

"गाऊन परत आले, माय. डाव्या खांद्यावरून उतरतात."

शोभाबाईंचा हात मेथीच्या काडीवर थांबला. मग त्यांनी ती काडी पानासकट कचऱ्यात टाकली.

मोठी सून मनीषा त्याच वेळी ओले हात पदराला पुसत जिना उतरत होती. डाव्या खांद्यावरून, हे शब्द तिने शेवटून तिसऱ्या पायरीवर ऐकले. ती तिथेच उभी राहिली. लखनला अजून काही कळलं नव्हतं, वर्षालाही नाही. पण सासूने मान वर करून आपल्याकडे पाहिलं आहे आणि आपण सासूकडे पाहिलं आहे, एवढं तिच्या लक्षात आलं. अकरा वर्षांत त्या दोघी याबद्दल एकदाही बोलल्या नव्हत्या.

"वहिनी," लखन म्हणाला, "फर्मा तुमचा. कटिंग तुमचं. सांगा, कुठे चुकलं?"

"बघते," मनीषा म्हणाली.

तिने एक गाऊन उचलला आणि उलटा करून शिवण तपासू लागली. शिवण सरळ होती. ती सरळच असणार हे तिला माहीत होतं.

*

"हर्षदाला बोलव," लखनने वर्षाला सांगितलं. "तिच्या अंगावर चढवून बघू. लगेच कळेल."

या घराची कामाची रीतच तशी होती. नवा नमुना आला की तो मनीषाच्या मुलीच्या, हर्षदाच्या अंगावर चढवायचा. ती हात थोडे बाजूला धरून उभी राहायची आणि मनीषा तिच्याभोवती फिरत टाचण्या लावायची. हर्षदावर बसला म्हणजे नमुना पास. मग त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा निघायचा आणि फर्म्यावरून लहान-मोठी मापं. लखन व्यापाऱ्यांना कौतुकाने सांगायचा, आमच्याकडे प्लास्टिकची बाहुली नाही, घरची पोर आहे, तिच्यावर ट्रायल होते.

हर्षदा गच्चीवरच्या खोलीतून खाली आली तेव्हा तिच्या हातात फिजिक्सची जर्नल होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिची बोर्डाची प्रॅक्टिकल होती. तिने जर्नल मशिनीवर पालथी ठेवली, पडद्यामागे जाऊन गाऊन चढवला आणि आरशासमोर येऊन नेहमीसारखी उभी राहिली.

गाऊन बसला. गळ्याची आडवी रेघ दोन्ही बाजूंना सारखी होती. कंबरेची पट्टी जमिनीला समांतर होती. ती गोल फिरली, वाकली, हात वर केले. खांदा हलला नाही.

"घ्या," लखन म्हणाला. "एकदम बरोबर. मग त्या पोरी खोटं बोलतात काय? चंचल, तू घाल बरं."

चंचल जिन्यात मोबाइल घेऊन बसली होती. "पप्पा, मी तर आधीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की स्लिप होतो. तुम्ही म्हणाला, सरळ उभी राहा, कुबड काढू नको."

तिने गाऊन घातला. उजव्या बाजूला कापड वर खेचल्यासारखं झालं, कंबरेची पट्टी तिरकी दिसू लागली, आणि दोन पावलं टाकताच डावा खांदा उघडा पडला. तिने सवयीने उजवा हात उचलून डाव्या खांद्यावर ठेवला आणि कापड धरलं.

वर्षाने ते पाहिलं आणि चंचलच्या हातातून मोबाइल घेतला. कारखान्याच्या पानावरचा पहिलाच फोटो चंचलचा होता, दोन वर्षांपूर्वीचा, हिरव्या गाऊनमधला. त्यात तिचा उजवा हात असाच डाव्या खांद्यावर होता. खाली मुलींच्या प्रतिक्रिया होत्या. कितनी एलिगंट पोज. पुढच्या फोटोंत चंचलच्या मैत्रिणी होत्या आणि त्यांनीही हात तिथेच ठेवले होते.

"ही पोज नव्हती," वर्षा हळूच म्हणाली. "तू धरून उभी होतीस."

"हो. मग काय करू, पडू देऊ?"

वर्षाला हसू आलं आणि लगेच गेलं. हा हिरवा गाऊन मुळात चंचलचा नव्हता, हे तिला आठवलं. मनीषाने तो हर्षदासाठी शिवला होता, दिवाळीला, उरलेल्या साटिनमधून, मोबाइलवर एका जुन्या गाऊनचं चित्र पाहून. चंचलने तो फोटोपुरता मागून घेतला. आठ दिवसांत चौकशा सुरू झाल्या, आणि लखनने तो परत देण्याऐवजी शिवणी उसवून त्याचे तुकडे पुठ्ठ्यावर ठेवले आणि भोवती पेन्सिल फिरवली. तो गाऊन पुन्हा जोडलाच गेला नाही. हर्षदाने दोनदा विचारलं होतं. वर्षाने दोन्ही वेळा, बघू, म्हटलं होतं.

*

मनीषाचा नवरा योगराज दहा वाजता पांडेसऱ्याहून पाळी संपवून आला. तो तिथल्या कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगाच्या खात्यावर होता. नखांच्या कडांना कायमचा जांभळट रंग, बोलणं कमी. तो दारातल्या गाठोड्यांपाशी थांबला. एका गाठोड्याची चादर सैल झाली होती. त्याने ती नीट ओढली, गाठ मारली, आणि गाठ ओढून पाहिली. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा.

"झालं दादाचं तीनदा," लखन म्हणाला. "अरे, कपडे आहेत त्यात, बैल नाही."

ही घरातली जुनी थट्टा होती. योगराज स्कूटरवर डबा बांधायचा तरी गाठ तीनदा ओढायचा. चंचल लहानपणी त्याची नक्कल करायची. आज कोणी हसलं नाही.

लखनने त्याला सगळं सांगितलं आणि आपला बेत मांडला. "हे बघ दादा. साटिनला सुईचं भोक राहतं. कोणालाही उसवायला बसवलं तर कापड गेलं. हे काम वहिनी आणि हर्षदा, दोघींच्याच हातचं. आज, उद्या, परवा. प्रत्येक नग हर्षदाच्या अंगावर चढवायचा, बघायचा, उसवायचा, शिवायचा. मंगळवारी संध्याकाळी माल वेसूला."

"उद्या माझी प्रॅक्टिकल आहे, काका," हर्षदा म्हणाली.

"किती वाजता?"

"आठ ते अकरा."

"म्हणजे तू एकला घरी येणार. जेवून दोन. अर्धा दिवस गेला. आणि आज तू पुस्तक घेऊन वर बसणार. ते पुन्हा नाही होत का, प्रॅक्टिकल?"

"नाही होत. सरांनी तीनदा सांगितलंय. गैरहजर म्हणजे नापास."

"परीक्षा काय, पुढला साल बी येस," शोभाबाई दारातून म्हणाल्या. "घरनी अब्रू एकदा गई का गई. तीस-पस्तीस घरं नावं ठेवतीन. आपलाच माणसं आपलाले कामाले येतस."

"आत्याबाई, वर्ष जाईल तिचं," मनीषा म्हणाली.

"मग? मी शाळेत गयथू का? मरनू का?"

मनीषाने हातातला गाऊन खाली ठेवला. तिला फक्त एवढंच सांगायचं होतं की हर्षदाला अंगावर घालायला लावून काही उपयोग नाही. पुढचं कोणी विचारलं नाही तर तिला सांगायचंही नव्हतं.

"हर्षदाची गरज नाही," ती म्हणाली. "तिच्यावर हे बरोबरच बसणार. शंभर वेळा चढवा. फर्मा तिच्याच गाऊनवरून निघालाय."

"मग काय झालं?" लखन म्हणाला. "सगळे नमुने तिच्यावरूनच निघतात."

"ते नमुने ढगळ होते. कुर्ते, टॉप. त्यात खपून जातं. हा गळा खांद्याच्या टोकावर उभा आहे. इथे चार सूत, अर्धा इंच फरक पडला तरी दिसतो."

"कसला फरक?"

उत्तर हर्षदाने दिलं. ती आरशाकडे पाहत होती. तिने मशिनीवरची मोजपट्टी उचलली.

"आम्हाला सर मोजायच्या आधी उपकरणाचं शून्य बघायला लावतात," ती म्हणाली. "कॅलिपरचे जबडे मिटल्यावर खूण शून्यावर नसेल तर पुढची सगळी मापं तेवढ्यानेच चुकतात. एकसारखी चुकतात. इथे चौतीस चुकले, सगळे एकाच बाजूला. म्हणजे शिलाई चुकली नाही, काकू. धरा जरा."

वर्षाने पट्टीचं टोक तिच्या मानेखालच्या मणक्यावर धरलं. हर्षदाने सांगितलं तसं तिने आधी डाव्या खांद्याच्या टोकापर्यंत मोजलं, मग उजव्या.

"डावी सात," वर्षा म्हणाली. तिने उजवी बाजू पुन्हा मोजली. "साडेसहा."

"आता जमिनीपासून."

वर्षा खाली बसली. जमिनीपासून डावा खांदा पन्नास इंच भरला. उजवा साडेएकोणपन्नास.

हर्षदाने चारही आकडे जर्नलच्या मागच्या पानावर लिहिले. तिचे सगळे कपडे आई शिवायची. शाळेचा गणवेशही विकत आणलेला कधी आठवत नव्हता. त्यामुळे सतरा वर्षांत तिला एकही कपडा तिरका बसला नव्हता.

"तुला माहीत होतं," ती आईला म्हणाली.

"तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून," मनीषा म्हणाली. "हाड जुळलं ते आखूड जुळलं. मी उजवा खांदा चार सूत उतरता कापायची, की लोकांना दिसू नये. हात बसून गेला. तुझा हिरवाही तसाच कापला. लखनभाऊंनी उसवला तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण मग सांगावं लागलं असतं, का."

*

"माझ्यामुळे," योगराज म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो गाठोड्यावर बसला होता आणि हातांकडे पाहत होता.

"चूक मनीषाची नाही. झोका मी बांधला होता."

ती हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती. अकरा वर्षांपूर्वी योगराजने गच्चीवरच्या लोखंडी पाइपला दोरीचा झोका बांधला. दुसऱ्या दिवशी तो पाळीवर असताना गाठ सुटली, हर्षदा पडली आणि तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं. रात्री तो घरी आला तेव्हा पोर निजली होती, खांद्याला लेप होता आणि गच्चीवर दोरी सुटून पडलेली होती. त्याने ती गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली. त्यानंतर या घरात कोणी झोका बांधला नाही.

लखनने खाली पाहिलं. एक क्षण त्याला वाटलं की आता विषय इथेच सोडावा. पण बुधवार डोळ्यांसमोर होता. त्या चौतीस घरांतून पुढे लग्नसराईची कामं येणार होती, चंचल त्या घरांत जाऊन बसत होती, आणि त्याने वीस वर्षं वाट पाहिलेलं वेसूचं गिऱ्हाईक बुधवारी त्याच्या हातातून जाणार होतं. तो दादाशेजारी जाऊन बसला.

"दादा, मी तुला कधी बोललो का? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

"नाही."

"आजही बोलत नाही. पण तुझ्या एका गाठीपायी आज माझी अब्रू चाललीय, हे तर दिसतंय ना तुला? मग तू पोरीला सांग. दोन दिवस बस, काकाला हात दे. तू सांगितलंस तर ती ऐकेल."

योगराजने मान हलवली.

"हर्षदा," तो म्हणाला, "बस दोन दिवस. पुढच्या वर्षी दे परीक्षा. मी भरीन फॉर्म."

तिने जर्नल मिटली.

जर्नल मिटल्याचा आवाज मनीषाने ऐकला. नंतर तिला कोणी विचारलं असतं, की तू तेव्हाच का बोललीस, इतकी वर्षं का नाही, तर तिला याहून जास्त काही सांगता आलं नसतं.

"ती झोक्यावरून पडली नाही," ती म्हणाली.

"मनीषा," शोभाबाई म्हणाल्या. "बोलू नको."

"माळ्यावरून पडली. या माळ्यावरून." तिने वर बोट केलं. मशिनींच्या वर, छताखाली, गठ्ठे ठेवायची फळ्यांची जागा होती. "लखनभाऊंची पहिली मोठी ऑर्डर होती, दुपट्ट्यांची. लेसचे गठ्ठे मागे कोपऱ्यात सरकले होते. मोठं माणूस शिरत नव्हतं, म्हणून तिला शिडीवरून चढवलं. दोन गठ्ठे तिने काढून दिले. तिसऱ्याला फळी सरकली."

"मीच चढवलं," लखन पटकन म्हणाला. "हो. पण तिला पाडलं नाही ना मी. अपघात झाला."

"दवाखान्यात नेलं असतं तर विचारलं असतं, सहा वर्षांची पोर कारखान्यात काय करत होती. म्हणून आत्याबाई तिला उधन्याच्या हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेल्या. आल्या त्या सरळ गच्चीवर. झोका सोडला. गाठ बोटांनी सुटेना." तिने योगराजकडे पाहिलं. "इतकी घट्ट होती. कात्रीचं टोक घालून सैल करावी लागली. कात्री माझीच होती, खाली येऊन मागून नेली."

मेथीची जुडी शोभाबाईंच्या मांडीवरून खाली पडली होती. ती कोणी उचलली नाही.

"मला झोका आठवत नाही," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "मला वाटायचं, पडल्यामुळे विसरले असेन. मला खळीचा वास आठवतो आणि सुतळी. मी एकदा विचारलं होतं, झोक्याला खळीचा वास कसा येईल. आजी म्हणाली, तुले ताप व्हता."

योगराजने बायकोकडे पाहिलं.

"तू कुठे होतीस?"

"इथेच. खिडकीजवळच्या मशीनवर."

"ती पडली तेव्हा?"

"आवाज आला. मी उठले. आत्याबाई म्हणाल्या, खरचटलंय, मी बघते, तू बस."

"आणि तू बसलीस."

"नऊ नग राहिले होते." मनीषाने ओठ पुसले. "ते पुरे करून उठले."

रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली. चंचल अजून गाऊनमध्येच होती, खांद्यावर हात धरून. तिला तो काढायला जावं की नाही हे कळत नव्हतं.

"अकरा वर्षं," योगराज म्हणाला. तो उठला आणि जिना चढून वर गेला. वरून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"तू घर मोडं, मनीषा," शोभाबाई म्हणाल्या. "दोन भाऊ एका घरात राहतस हे तुले बघवं नही. मी खोटं बोलनू ते कोणासाठे? मना पोरंसाठे. एकनी सुरवात व्हती, दुसराना राग. योगराज तेव्हा त्याले कापी टाकता."

"आणि त्याने स्वतःला कापलं ते चाललं तुम्हाला," मनीषा म्हणाली.

"तुले बी चालनं."



*

लखनला सगळ्यांच्या नजरा टाळायच्या होत्या, आणि त्याला येत होता तो एकच मार्ग त्याने धरला. त्याने एक गाऊन उचलला आणि उजव्या खांद्याची शिवण बोटांत धरून पाहिली.

"शिवणीच्या आत माया किती, जादा कापड किती सोडलंय?"

"सहा सूत," मनीषा म्हणाली.

"म्हणजे चार सोडता येईल. फक्त एक खांदा उसवायचा. पूर्ण नग नाही." त्याचा चेहरा उजळला आणि त्याला ते लपवता आलं नाही. "एवढंच होतं? वहिनी, हे सकाळीच बोलला असता तर एव्हाना दहा नग झाले असते."

वर्षाने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. फळी सरकली तेव्हा ती वर चंचलला भरवत होती. आवाज तिनेही ऐकला होता. संध्याकाळी लखनने झोक्याची गोष्ट सांगितली तेव्हा तिने, कोणता आवाज होता मग तो, असं विचारलं नव्हतं.

"हर्षदा, वर जा," ती म्हणाली. "अभ्यास कर. खाली येऊ नको, जेवण मी आणून देईन."

"आणि काम?" लखन म्हणाला.

"मी करते. चंचल करेल. मला उसवता येतं, मी काय जन्मापासून मालकीणबाई नव्हते. आणि तुम्ही बाहुली घेऊन या. प्लास्टिकची. दोन्ही खांदे सारखे असलेली."

"रविवारी कुठे मिळणार?"

"शोधा."

"मम्मी, मला नाही जायचं त्या नाचाला," चंचल म्हणाली.

"जाशील. तुझ्यासाठी चौतीस जणींनी मागवलेत. आधी तो काढ आणि सुई घे. आणि तो फोटो काढून टाक पानावरून."

"दोन हजार लाइक आहेत त्याला."

"काढ."

हर्षदा जर्नल घेऊन जिन्याकडे निघाली. आईजवळून जाताना ती थांबली.

"आता यापुढे माझे कपडे कसे कापशील?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तसे."

"सरळ काप," हर्षदा म्हणाली. "बघू दे कसे बसतात."

संध्याकाळपर्यंत एकवीस नग झाले. मनीषा आणि वर्षा समोरासमोर बसून उसवत होत्या आणि कामापुरतंच बोलत होत्या. लखनने उधन्यातल्या एका बंद होत असलेल्या दुकानातून पांढरी बाहुली आणली. तिला डोकं नव्हतं. ती आरशासमोर, हर्षदा उभी राहायची तिथेच ठेवली. नवा खांदा तिच्यावर बरोबर बसला. भिंतीवरचा जुना फर्मा, ज्यावर मनीषाने पेन्सिलीने 'ह' लिहिलं होतं, तो लखनने खिळ्यावरून काढला आणि उजव्या खांद्याला चार सूत पट्टी चिकटवून परत टांगला.

योगराज जेवायला आला नाही.

*

सोमवारी सकाळी सात वाजता मनीषा ओट्यावर आली तेव्हा तो स्कूटर पुसत होता. हर्षदाला परीक्षेला तो सोडणार आहे, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. हर्षदाला सांगितलं होतं.

हर्षदा गणवेशात आली. दप्तर, जर्नल, पाण्याची बाटली. तिने डोकं खाली करून मनीषाला नमस्कार केला, परीक्षेला जाताना करायची तसाच. शोभाबाई दारात बसल्या होत्या. तिने त्यांच्याही पायांना हात लावला. शोभाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"दप्तर मागे बांध, पप्पा. मला जर्नल वाचायचीय जाताना."

योगराजने डिकीतून दोरी काढली. जुनी, पिवळी पडलेली, जाड सुताची दोरी होती. मनीषाने ती ओळखली. अकरा वर्षं ती पेटीत तळाशी होती, तिच्या लग्नाच्या शालूखाली, आणि प्रत्येक दिवाळीच्या साफसफाईत ती उचलून तिने पुन्हा तिथेच ठेवली होती.

त्याने दप्तर मागच्या कॅरिअरवर ठेवलं, दोरीचे दोन वेढे घेतले आणि गाठ मारली. एकदा ओढली.

मनीषा पुढच्या ओढीची वाट पाहत थांबली.

त्याने दोरीचं उरलेलं टोक वेढ्याखाली खोचलं, स्कूटरवर बसला आणि किक मारली. हर्षदा मागे बसली, एका हाताने जर्नल धरून, दुसरा हात बापाच्या खांद्यावर. गल्लीच्या तोंडाशी खड्डा होता. स्कूटर त्यातून गेली. दप्तर हललं नाही.

"त्याने मागे बघं नही," शोभाबाई म्हणाल्या.

मनीषा आत गेली. तेरा नग राहिले होते. तिने बाहुलीच्या अंगावरचा गाऊन काढला, खिडकीजवळच्या मशीनवर बसली आणि पुढचा घेतला.